हार एकाच्याच गळ्यात का?

दिवाळीच्या अंकात, चकल्यांच्या डब्याशेजारी बसून, हेवी मेटल नावाच्या संगीतावर भांडण उकरून काढणाऱ्या माणसाला औचित्याची चाड नाही असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा! ज्या चार दिवसांत आपण लक्ष्मी तोटे आणि सुतळी बॉम्ब हसतमुखाने सोसतो, त्या चार दिवसांत गिटारीच्या आवाजाविषयी कुरकुर करण्याचा अधिकार निदान कोणाला पोचत नाही. माझी फिर्याद न्यायाची आहे; आवाजाचा प्रश्न मी वाटेतच उरकून टाकणार आहे.

फिर्याद दोघांविरुद्ध आहे. पहिले आरोपी घरातले आजोबा. नातवाच्या खोलीतून हे संगीत बाहेर आले की ते दार लावून घेतात आणि "हा गोंगाट आहे" एवढा निकाल देऊन पुन्हा वर्तमानपत्रात डोके खुपसतात. दुसरा आरोपी खुद्द नातू. तो या संगीताचा भक्त. त्याच्या भिंतीवर केस मोकळे सोडलेल्या एकाच गिटारवाल्याचे चित्र, त्याच्या ओठांवर "जगातला पहिल्या क्रमांकाचा कोण?" हा एकच प्रश्न, आणि गाण्यातला एकट्याच्या तानबाजीचा तुकडा आला की तेवढाच तो दहादा लावणार. आजोबा कान झाकतात, नातू एक कान उघडा ठेवतो. या संगीताचा जो सर्वांत मोठा पराक्रम, म्हणजे दोन गिटारींची जोडी, तो दोघांनाही ऐकू येत नाही.

आजोबांना आधी उत्तर देतो, कारण ते वडील आहेत आणि त्यांना पटवणे सोपे आहे. आजोबा, तुमच्या तानपुऱ्यात काय वाजते? पंचम आणि षड्ज. हेवी मेटलच्या गिटारीवर जो ठोका सतत घुमत असतो त्यातही मुख्यतः तेच दोन स्वर असतात: षड्ज आणि पंचम. असे का, याला कारण आहे. या गिटारीचा आवाज ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपलीकडे राबवून मुद्दाम फाडलेला असतो. दोन स्वर एकाच यंत्रातून असे फाटून निघाले की त्यांच्या झटापटीतून कोणी न छेडलेले आगंतुक स्वर जन्माला येतात. षड्ज-पंचमाच्या झटापटीतून जो ठळक आगंतुक उपजतो तो खालच्या सप्तकातला षड्जच असतो. म्हणून तो ठोका भरदार लागतो, छातीत बसतो. पण त्याच तारांवर गंधार मिसळून पाहा! गिटारीच्या पडद्यांवरचा शुद्ध गंधार मुळातच किंचित चढा. पेटीच्या गंधाराबद्दल आपले गवई जी तक्रार वर्षानुवर्षे करीत आले, तीच ही. साध्या गिटारीवर तो चढेपणा कानाआड करता येतो. फाडलेल्या आवाजात तो चिखल माजवतो.

मग गंधाराची गोडी या संगीताने सोडूनच द्यायची का? सोडली नाही, आणि इथेच दुसरा माणूस रंगमंचावर येतो. एकाने आपल्या गिटारीवर आपल्या यंत्रातून सा-रे-ग म्हणायचे. दुसऱ्याने त्याच क्षणी वेगळ्या गिटारीवर, वेगळ्या यंत्रातून ग-म-प म्हणायचे. प्रत्येकाचा स्वर आपापल्या घरी फाटतो. दोघांची गाठ पडते ती थेट हवेत, ऐकणाऱ्याच्या कानाशी. त्यामुळे आवाजाची धारही राहते आणि गोडवाही राहतो. एकटा वादक, मग तो कितीही मोठा असो, रंगमंचावर हे साधू शकत नाही. हाताला सहावे बोट फुटले तरी साधू शकत नाही, कारण अडचण बोटांची नसून यंत्राची आहे. दुसरी गिटार ही चैन आहे, भरताड आहे, असे समजणाऱ्यांनी एवढे एकच कारण शांतपणे ऐकून घ्यावे.

या युक्तीचे मूळ हेवी मेटलच्या थोडे अलीकडचे, म्हणजे शेजारच्या घरातले आहे. इंग्लंडच्या विशबोन ॲश या मंडळीत अँडी पॉवेल आणि टेड टर्नर या दोघांनी गिटारींचे असे सहगान रूढ केले. त्यांची 'आर्गस' ही ध्वनिमुद्रिका १९७२ ची. पुढे आयर्लंडच्या थिन लिझीत १९७४ साली स्कॉट गोरहम हा अमेरिकन आणि ब्रायन रॉबर्टसन हा स्कॉटिश असे दोन परमुलखातले तरुण एकत्र आले आणि १९७६ च्या 'जेलब्रेक'मधून ती गोडी घराघरांत गेली. पण विळीवर धार चढली ती बर्मिंगहॅमच्या परिसरात, कारखान्यांच्या धुरात.

बर्मिंगहॅमचे नाव निघाले की टोनी आयोमीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. ब्लॅक सॅबथचा हा डावखुरा गिटारवादक वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावून बसला. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे केली, तारा सैल केल्या, आणि त्या सैल तारांतून या संगीताचा गडद स्वर निघाला. हा माणूस एकटा होता, थोर होता, आणि माझा त्याच्याशी काडीचा वाद नाही. वाद आहे तो त्याच्यावरून नियम बसवणाऱ्यांशी. एका पायाने कोणी पर्वत चढला म्हणून दुसरा पाय निरुपयोगी ठरत नाही.

त्याच परिसरातल्या ज्यूडस प्रीस्टची हकीकत पाहा. १९७४ पर्यंत त्यांच्याकडे के. के. डाउनिंग हा एकच गिटारवादक होता. रेकॉर्ड कंपनीने सुचवले की आवाज भरण्यासाठी पाचवा माणूस घ्या. एखादा पियानोवाला घेता आला असता. पण त्यांनी ग्लेन टिप्टन हा दुसरा गिटारवादक घेतला. हा निर्णय मला एखाद्या तहाइतका महत्त्वाचा वाटतो. दोघांचा पिंड अगदी वेगळा. टिप्टनची तान रेखीव, आधी मनात रचून घेतल्यासारखी. डाउनिंगची तान अंगावर धावून येणारी, तारेला पिळून किंकाळी काढणारी. एक शिकवणी घेणाऱ्या मास्तरासारखा, दुसरा वर्गाबाहेर उभा केलेल्या पोरासारखा! पण ठोका धरायची वेळ आली की दोघांचे मनगट एकाच क्षणी पडत असे, आणि चामड्याच्या कपड्यांतले ते दोघे खांद्याला खांदा लावून एका तालात झुलत. १९८० च्या 'ब्रिटिश स्टील'वर गाण्यांचे कर्ते म्हणून गायक रॉब हॅलफर्ड, डाउनिंग आणि टिप्टन अशी तिघांची नावे एकत्र आहेत. कोणता तुकडा कोणाचा, याची वाटणी कागदावर नाही. सामायिक खात्यातली जमीन जशी.

या दोघांत सगळे गोडच होते असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणारा एकतर भाबडा असतो किंवा चरित्रकार. डाउनिंगने २०११ साली मंडळी सोडली आणि २०१८ च्या आत्मचरित्रात टिप्टनविषयीचे आपले सल मोकळेपणी मांडले. नातू म्हणतो, "बघा, भांडलेच ना शेवटी!" अरे बाबा, सदतीस वर्षे एका जुवाखाली चालल्यावर खांदा सोलवटणारच. आपल्याकडे बैल विकत घेतात ते जोडीने. किंमत होते ती जोडीची, आणि जोडीतला एक मेला तर उरलेल्याची किंमत निम्म्यावर न थांबता आणखी खाली येते, हे कोणताही शेतकरी सांगेल. डाउनिंगने पुढे २०२० मध्ये स्वतःची मंडळी उभारली. आता तो मोकळा होता. सगळे माप एकट्याच्या पदरात घालून घ्यायला कोणाची आडकाठी नव्हती. आणि त्याने काय केले? पहिल्या फटक्यात दुसरा गिटारवादक घेतला! माझ्या बाजूने याहून मोठा साक्षीदार मी कुठून आणू?

आयर्न मेडनची जोडी निराळ्या जातीची. डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ हे लंडनच्या पूर्व भागातले शाळकरी मित्र. मिसरूड फुटायच्या वयात त्यांनी एकत्र मंडळी काढली होती. स्मिथ १९८० मध्ये मेडनमध्ये आला. १९८३ चे 'द ट्रूपर' हे गाणे घ्या. विषय क्रिमियाच्या लढाईतला, १८५४ साली बालाक्लाव्हाला इंग्रजी घोडदळाने तोफांच्या तोंडी केलेल्या हल्ल्याचा. शब्द न कळताही घोडे ऐकू येतात, आणि ते एकाहून अधिक आहेत हे कळते ते दोन गिटारींमुळे. त्यांतली एक गिटार काढून टाका: स्वारी निघेल, पण स्वार एकटाच असेल.

१९९० मध्ये स्मिथ बाहेर पडला, त्याच्या जागी यानिक गर्स आला. १९९९ मध्ये स्मिथ परतला. आता आपल्या एखाद्या नाटक कंपनीत किंवा कचेरीत काय झाले असते सांगा! जुना परत आला म्हणून नव्याला नारळ, नाहीतर नवा बसला आहे म्हणून जुन्याला दारातूनच नमस्कार. मेडनने तिघांनाही ठेवले आणि २००० साली तीन गिटारींची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' काढली. १ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांनी आपल्या जागतिक दौऱ्याचा नारळ मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर फोडला. गायक ब्रूस डिकिन्सन वैमानिकही असल्यामुळे त्या दौऱ्याचे विमान स्वतः चालवीत असे. त्या रात्री हजर असलेले जे जे मला भेटले ते विमानाबद्दल बोलतात, गायकाच्या उड्यांबद्दल बोलतात, रंगमंचावर फिरणाऱ्या त्या अजस्र सांगाड्याबद्दल तर फारच बोलतात. मरे कुठल्या बाजूला उभा होता, हे विचारल्यावर मात्र चेहरे परीक्षेतल्या मुलांसारखे होतात.

आता विरुद्ध पक्षाचा एक खरा मुद्दा आहे, तो मी झाकून ठेवणार नाही. ध्वनिफितीवर एकच माणूस दोनदा वाजवू शकतो. मेटालिकाच्या १९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'वर ठोक्याच्या सर्व गिटारी जेम्स हेटफील्डने एकट्याने, थरावर थर चढवून वाजवल्या. कर्क हॅमेटकडे मुख्यतः एकट्याच्या ताना होत्या. ध्वनिमुद्रणात ठोक्याचा वाटा त्याला मिळाला तो १९९६ च्या 'लोड'पासून. तेव्हा नातू विचारतो, "मग जोडी हवी कशाला?" प्रश्न हुशारीचा आहे. पण त्याचेच बोट धरून त्याला पुढे नेतो. हेटफील्डचे ते मनगट ऐक! हात खाली येतानाच तार छेडायची, वर जाताना नाही, तेही त्या भरधाव लयीत, आठ-आठ मिनिटे. या वादकाला जग काय म्हणते? 'रिदमवाला'. साथीचा. आणि त्याने घातलेल्या त्या दगडी जोत्यावर जो अर्धा मिनिट नाचतो, तो 'लीड', म्हणजे पुढारी. एकट्याने थर चढवले म्हणून काम दोघांचे नव्हते असे ठरत नाही. एवढेच ठरते की आपण ज्याला गौण समजतो ते काम इतके अवघड होते की हेटफील्डने ते दुसऱ्या हाती दिले नाही. मैदानावर मात्र त्याला हॅमेट लागतोच.

हाच अन्याय माल्कम यंगवर झाला. एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन मंडळींना हेवी मेटल म्हणावे की नाही यावर पंडितांत वाद आहेत. ते पंडितांनी घालावेत. धाकटा भाऊ अँगस शाळकरी मुलाच्या गणवेशात, अर्ध्या विजारीत, रंगमंचभर धावतो. मी मास्तर असल्यामुळे असला गणवेश पाहिला की हजेरी घ्यावीशी वाटते. सारे जग त्याला ओळखते. थोरला माल्कम मागे, ढोलांजवळ उभा राहून ठोका धरी. मंडळी उभी केली दोघा भावांनी, १९७३ साली. गाणी रचली दोघांनी. २०१४ मध्ये स्मृतिभ्रंशामुळे माल्कमला थांबावे लागले आणि १८ नोव्हेंबर २०१७ रोजी तो गेला. त्याची जागा पुतण्याने, स्टीव्ही यंगने घेतली. पुढे धावणाऱ्याला मागचा ठोका घरातलाच लागला, यातच काय ते आले.

जाणत्यांकडून आणखी एक आक्षेप येतो. "आमच्याकडे जुगलबंदी आहे, त्यात नवे ते काय?" बिस्मिल्ला खाँची सनई आणि वि. गो. जोगांचे व्हायोलिन ज्यांनी ऐकले त्यांनी हा प्रश्न विचारणे स्वाभाविक आहे. मला त्या वाद्यांबद्दल नितांत आदर आहे. पण जुगलबंदीत एकाने जागा घ्यायची, दुसऱ्याने तिला उत्तर द्यायचे. उत्तर क्षणाआधी कोणाला ठाऊक नसते, आणि त्या न ठाऊक असण्यातच तिची मजा. या गिटारींच्या सहगानाची मजा उलट्या दिशेची आहे. तार किती ओढायची, कंप किती द्यायचा, स्वर कुठे तोडायचा हे दोघांनी आधी ठरवायचे आणि केसाइतकेही चुकायचे नाही. एकाची तार किंचित जास्त ओढली गेली की लगेच डळमळ ऐकू येते. हे पालखीच्या भोयांचे काम आहे. एकाचे पाऊल चुकले तर देव कलंडतो. जुगलबंदी हा मोठा शब्द आहे, पण तो इथे लावला की नातू पुन्हा विचारतो, "मग जिंकले कोण?"

जिंकले कोण! या दोन शब्दांनी केलेले नुकसान मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या शाळेतली दोन मुले दोन वर्षांपूर्वी एका आंतरशालेय स्पर्धेला गेली. स्पर्धा कोणाची, कुठली, ते सांगत नाही. एका मुलाची गिटार स्वतःची, दुसऱ्याची मामेभावाकडून मागून आणलेली. चार महिने चित्रकलेच्या वर्गात, बाके बाजूला सारून, त्यांनी दोन सुरांची एक धून बसवली. खालचा सूर रचला होता मागून आणलेल्या गिटारीच्या धन्याने. गणितात कच्चा, पण कोणत्या स्वराखाली कोणता बसेल हे त्याला वहीत न मांडता कळे. स्पर्धेत धून झाली, मग पहिल्याने वीसेक सेकंदांची तान घेतली, दुसऱ्याने ठोका धरला. परीक्षकांच्या छापील कागदावर 'उत्कृष्ट वादक' असा एकच रकाना होता. पदक तानवाल्याला मिळाले. दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारून एक परीक्षक म्हणाले, "बाळ, तुझी साथ छान होती हं!" पुढच्याच आठवड्यात पदकवाला "नुसते कॉर्ड धरणारा कोणीतरी" शोधू लागला, आणि दुसऱ्याने गिटार मामेभावाला परत नेऊन दिली. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. "सर, माझे काही अडत नाही," एवढेच तो म्हणाला. त्याचे अडत नसेल. पण ती धून तेव्हापासून कोणी वाजवलेली नाही, कारण ती एकट्याला वाजवताच येत नाही!

मी कादंबऱ्या लिहितो. तो धंदा एकट्याचा. त्यात दोघांनी हात घातला की पहिल्या प्रकरणातच मारामारी व्हायची. त्यामुळे मला या जोड्यांचा हेवा वाटतो, हे उघड सांगून टाकतो. पण हेवा करणाऱ्यालाही मोजमाप बरोबर कळते. सुदैवाने या संगीताच्या रसिकांत सगळेच काही माझ्या आरोपीसारखे नाहीत. ज्यूडस प्रीस्टचीच पुढची गोष्ट सांगतो. डाउनिंगच्या जागी २०११ मध्ये रिची फॉकनर आला. २०१८ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले की टिप्टनला कंपवात आहे, पूर्ण दौरे त्याला झेपणार नाहीत. त्याच्या जागी अँडी स्नीप उभा राहिला. टिप्टन मधूनमधून शेवटच्या दोनचार गाण्यांपुरता येऊन वाजवी. २०२१ च्या सप्टेंबरात अमेरिकेत भर कार्यक्रमात फॉकनरच्या हृदयाजवळची महाधमनी फाटली. तशाही स्थितीत त्याने गाणे पुरे केले, आणि शस्त्रक्रियेने तो वाचला. एवढे सगळे झाल्यावर २०२२ च्या जानेवारीत मंडळींनी जाहीर केले की यापुढे दौऱ्यावर एकच गिटार असेल. चार माणसांत भागवू. जमाखर्चाच्या दृष्टीने बिनचूक हिशेब! रसिक असे उसळले की आठवड्याच्या आत निर्णय मागे घ्यावा लागला आणि स्नीप परत आला. लोक कोणा एका देवाच्या गैरहजेरीवर चिडले नव्हते. फॉकनर तर होताच. चिडले ते दुसरी जागा रिकामी ठेवण्यावर.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसला त्यांच्या सन्मानाचा समारंभ झाला. मंडळी सोडल्यानंतर अकरा वर्षांनी डाउनिंग पुन्हा त्यांच्यासोबत रंगमंचावर आला. एका बाजूला तो, दुसरीकडे टिप्टन, आणि सोबत फॉकनर. आत्मचरित्रात लिहिलेले पुसले गेले असेल असे मला वाटत नाही. पण ठोका पडला तेव्हा मनगटे एकत्र पडली.

तेव्हा आजोबांना विनंती एवढीच की फराळ झाल्यावर नातवाच्या खोलीत जाऊन 'द ट्रूपर' एकदा लावायला सांगावे आणि वरचा सूर सोडून खालचा धरायचा प्रयत्न करावा. तुमचा कान तानपुऱ्यावर घडलेला आहे, तुम्हाला तो नातवाच्या आधी सापडेल. आणि स्पर्धा भरवणाऱ्या सर्व मंडळांना, शाळांना, गणेशोत्सवाच्या कार्यवाहांना माझी मागणी आहे की छापील कागदावर 'उत्कृष्ट जोडी' हा रकाना घाला. शाईचा खर्च फारसा वाढणार नाही. यंदाच्या स्पर्धेचा अर्ज आमच्या शाळेत आला आहे. वादकाच्या नावासमोर एकच रेघ आहे. मी पट्टी घेऊन तिच्याखाली दुसरी रेघ मारली आहे, आणि अर्ज तसाच पोस्टाने परत पाठवला आहे.